हक्कावरचं बंधन घटनेत बसतं का? आदेश हातात घेऊन तपासायची पद्धत

सभेला परवानगी नाकारली, मिरवणुकीचा मार्ग बदलला, दुकान बंद करायला सांगितलं, की दोन वाक्यं हमखास ऐकू येतात. एका बाजूने, "हा माझा मूलभूत हक्क आहे." दुसऱ्या बाजूने, "हक्क काही अमर्याद नसतात." दोन्ही खरी आहेत, आणि दोन्हींनी वाद एक पाऊलही पुढे सरकत नाही. भारतीय राज्यघटनेत हक्कांना मर्यादा आहेत, पण त्या मर्यादांनाही हद्द आहे, आणि ती हद्द बरीच काटेकोर आहे. खरं काम आहे ते समोरचं बंधन त्या हद्दीत बसतं का हे ठरवण्याचं. त्यासाठी प्रश्न ठरावीक क्रमाने विचारावे लागतात. क्रम चुकला की बाजू चांगली असूनही अर्ज फेटाळला जातो. बहुतेक लोक "हे अन्यायाचं आहे" इथून सुरुवात करतात. हा प्रश्न यादीत शेवटचा आहे.

मर्यादा घटनेतच का लिहिल्या

अमेरिकेच्या घटनेत हक्क विनाशर्त लिहिले आहेत आणि आपण त्यांना शर्तींनी पोखरलं, हा आक्षेप घटना समितीच्या काळातच घेतला गेला होता. ४ नोव्हेंबर १९४८ च्या भाषणात डॉ. आंबेडकरांनी त्याला उत्तर दिलं. अमेरिकेतही हक्क निरंकुश नाहीत. फरक इतकाच, की तिथे मर्यादा न्यायालयाने निकालांमधून शोधून काढल्या आणि आपण त्या मजकुरातच लिहिल्या. याचा व्यवहारातला अर्थ मोठा आहे. मर्यादा लिहून ठेवलेली असली की सरकारला त्या यादीबाहेर जाता येत नाही. 'वाजवी' हा शब्द मसुद्यात आला तो पंडित ठाकूर दास भार्गव यांच्या दुरुस्तीतून, आणि त्या एका शब्दामुळे बंधन योग्य आहे की नाही हे तपासायचा अधिकार न्यायालयाकडे आला. तो शब्द नसता तर विधिमंडळाने 'गरज आहे' म्हटलं की विषय तिथेच संपला असता.

मर्यादा हवीच का, याचं सर्वांत सोपं उदाहरण ध्वनिक्षेपकाचं आहे. एकाला बोलायचं असतं, शेजारच्याला झोपायचं असतं, आणि दोघांचेही हक्क त्याच घटनेतून आलेले असतात. ऐकायचं नसलेल्याला घरात बसून ऐकायला लावणं हा भाषणस्वातंत्र्याचा भाग नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २००५ च्या ध्वनिप्रदूषण निकालात स्पष्ट केलं.

आधी कागद

तोंडी नकारावर कायदेशीर लढाई लढता येत नाही. पोलीस ठाण्यात किंवा कार्यालयात "वरून मनाई आहे" असं उत्तर मिळालं तर आपला अर्ज आवक क्रमांकासह दाखल करून पोच घ्या आणि उत्तर लेखी मागा. आदेश मिळाला की त्यावर सहा गोष्टी खुणेने दाखवा: कोणत्या कायद्याच्या कोणत्या कलमाखाली काढला, सही कोणाची व कोणत्या पदावरून, तारीख, मुदत कधीपासून कधीपर्यंत, क्षेत्र कोणतं, आणि कारणं. सहापैकी एखादी सापडत नसेल तर तीच तुमच्या आक्षेपाची पहिली ओळ.

आदेश दाखवायलाच नकार मिळत असेल तर अनुराधा भसीन प्रकरणाचा १० जानेवारी २०२० चा निकाल उपयोगी पडतो. काश्मीरमधल्या इंटरनेटबंदीवरचा हा निकाल आहे, पण त्यातलं सूत्र सर्वत्र लागू होतं: हक्क रोखणारा आदेश प्रसिद्ध करावाच लागतो, कारण न पाहिलेल्या आदेशाला आव्हान देता येत नाही. माहिती अधिकाराचा अर्जही जोडीला टाकता येतो. महाराष्ट्रात शुल्क १० रुपये, विषय एकच आणि मजकूर साधारण १५० शब्दांत. पण उत्तराची मुदत ३० दिवस. जीविताचा किंवा स्वातंत्र्याचा प्रश्न असेल तरच ४८ तास. सभा येत्या रविवारी असेल तर माहिती अधिकारावर विसंबून राहू नका.

पहिला प्रश्न: हक्क नेमका कोणता

इथे सर्वाधिक चुका होतात, म्हणून इथे थांबून विचार करावा. प्रत्येक हक्काची मर्यादा वेगळी आहे. कलम १९(१) मधले हक्क फक्त नागरिकांना आहेत. कंपनी स्वतःच्या नावावर ते मागू शकत नाही, तिचे भागधारक किंवा संपादक मागू शकतात. त्यातल्या भाषण-अभिव्यक्तीवर १९(२) मधल्या आठच कारणांनी बंधन येऊ शकतं: देशाची सार्वभौमता व एकात्मता, राज्याची सुरक्षितता, परकीय देशांशी मैत्रीचे संबंध, सार्वजनिक सुव्यवस्था, सभ्यता किंवा नीतिमत्ता, न्यायालयाचा अवमान, अब्रूनुकसानी आणि अपराधास चिथावणी. शांततेने व विनाशस्त्र एकत्र जमण्यावर १९(३) खाली दोनच कारणं आहेत, एकात्मता आणि सार्वजनिक सुव्यवस्था. संघटना करण्यावर या दोन्हींबरोबर नीतिमत्ता हेही कारण आहे. संचार व वास्तव्यावर 'सर्वसाधारण जनतेचं हित' किंवा अनुसूचित जमातींच्या हिताचं संरक्षण. व्यवसायावर सर्वसाधारण जनतेचं हित, शिवाय व्यावसायिक पात्रता ठरवण्याचा आणि सरकारी मक्तेदारीचा अधिकार. धर्मस्वातंत्र्य, कलम २५, सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता, आरोग्य आणि त्या भागातल्या इतर तरतुदींच्या अधीन आहे. म्हणजे समतेच्या आणि इतर हक्कांच्याही अधीन. कलम १७, अस्पृश्यतेची बंदी, कोणत्याही शर्तीशिवाय आहे. तिला 'वाजवी अपवाद' नाहीत.

ही यादी पाठ करायची गरज नाही, पण समोर ठेवून वाचायची सवय हवी. कारण सरकार अनेकदा बंधन सोयीच्या खणात टाकतं. पुण्याच्या 'सकाळ' वर्तमानपत्राचं प्रकरण पाहा. केंद्र सरकारने वर्तमानपत्राची किंमत आणि पानांची संख्या यांचं गणित बांधून दिलं: इतकी किंमत तर इतकीच पानं, जास्त पानं हवी असतील तर किंमत वाढवा. सरकारची बाजू अशी, की हे व्यवसायाचं नियमन आहे, छोट्या पत्रांना जगवण्यासाठी आहे, म्हणजेच जनहितात आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९६१ साली ते फेटाळलं. किंमत वाढली तर खप घटतो आणि पानं कमी केली तर मजकूर घटतो. दोन्हीकडून मार बसतो तो अभिव्यक्तीला. आणि अभिव्यक्तीच्या यादीत 'सर्वसाधारण जनतेचं हित' हे कारणच नाही. हेतू चांगला असूनही आदेश पडला, कारण खण चुकला होता.

म्हणून अर्जात "कलम १९ चा भंग" असं मोघम लिहू नका. १९(१)(अ) भाषण, (ब) सभा, (ड) संचार, (ग) व्यवसाय यांपैकी कोणतं पोटकलम, आणि त्यासमोर मर्यादेचं कोणतं पोटकलम, हे लिहा. दोन हक्क एकत्र अडत असतील तर दोन्ही लिहा. मोर्चात सहसा (अ) आणि (ब) दोन्ही असतात, आणि (ब) ची कारणांची यादी छोटी असल्याने ते विसरणं महागात पडतं.

दुसरा प्रश्न: मागे कायदा आहे का

बंधन 'कायद्याने' घातलेलं हवं. अधिनियम, त्याखालचे नियम, त्यातल्या अधिकाराने काढलेली अधिसूचना किंवा आदेश हे चालतं. नुसतं परिपत्रक, विभागाची सूचना, बैठकीचं इतिवृत्त हे चालत नाही, मागे वैधानिक आधार असल्याशिवाय. केरळमधल्या बिजो इमॅन्युएल प्रकरणात, १९८६ साली, शाळेतून काढलेल्या तीन भावंडांचा प्रश्न होता. राष्ट्रगीताच्या वेळी ती आदराने उभी राहायची, पण आपल्या श्रद्धेमुळे गायची नाहीत. न्यायालयाने आधी हेच विचारलं, की गायलाच हवं असं सांगणारा कायदा कुठे आहे? होती ती शिक्षण विभागाची परिपत्रकं. त्यांच्या जोरावर मूलभूत हक्क रोखता येत नाही, म्हणून मुलांना परत घ्या असा आदेश झाला. देशभक्ती, शिस्त, श्रद्धा यांवरची सगळी चर्चा बाजूला राहिली असती तरी हा एक मुद्दा पुरेसा होता.

कायदा सापडला तर पुढे पाहा, की तो ज्या अधिकाऱ्याला अधिकार देतो तोच सही करणारा आहे का. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६३ चा (१ जुलै २०२४ आधीचं कलम १४४) अधिकार जिल्हादंडाधिकारी, उपविभागीय दंडाधिकारी किंवा राज्य शासनाने खास अधिकार दिलेल्या कार्यकारी दंडाधिकाऱ्याला आहे. आयुक्तालयाच्या शहरांत तो पोलीस आयुक्तांकडे असतो. ठाण्याच्या निरीक्षकाच्या सहीने निघालेलं पत्र म्हणजे कलम १६३ चा आदेश नव्हे.

तिसरा प्रश्न: कारण यादीतलं आहे का

आदेशात बहुधा 'कायदा व सुव्यवस्थेचा प्रश्न निर्माण होण्याची शक्यता' असं लिहिलेलं असतं. घटनेत हे शब्द नाहीत. घटनेत आहे 'सार्वजनिक सुव्यवस्था', आणि दोन्हींत मोठं अंतर आहे. राम मनोहर लोहिया विरुद्ध बिहार (१९६५) मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तीन एककेंद्री वर्तुळं मांडली: सर्वांत बाहेरचं कायदा व सुव्यवस्था, आतलं सार्वजनिक सुव्यवस्था, सर्वांत आतलं राज्याची सुरक्षितता. दोन माणसांची मारामारी पहिल्या वर्तुळात बसते, दुसऱ्यात नाही. समाजाचं सर्वसाधारण जीवन विस्कळीत होईल अशी परिस्थिती असेल तेव्हाच दुसरं वर्तुळ सुरू होतं.

धोका आणि बोलणं यांचं नातंही जवळचं हवं. लोहियांच्याच १९६० च्या प्रकरणात मुद्दा होता पाटबंधाऱ्याचे वाढीव दर भरू नका, या शेतकऱ्यांना केलेल्या आवाहनाचा. सरकारचा युक्तिवाद असा, की आज दर नाकारतील, उद्या सगळाच कायदा मोडतील. न्यायालयाने अशी ओढूनताणून जोडलेली साखळी मानली नाही.

'विरोधक गोंधळ घालतील' हे कारणही एस. रंगराजन निकालापासून (१९८९) कमजोर झालं आहे. दंग्याच्या धमकीपुढे अभिव्यक्ती दाबणं म्हणजे धमकी देणाऱ्याला शरण जाणं, गोंधळ आवरणं हेच सरकारचं काम, असं तिथे म्हटलं आहे. मात्र सभेतले वक्तेच चिथावणी देतात असा ठोस पूर्वेतिहास पोलिसांनी दाखवला तर हा निकाल तुम्हाला वाचवणार नाही.

यादी बंदिस्त आहे का, न्यायालयाला नवी कारणं घालता येतील का, हा प्रश्न कौशल किशोर प्रकरणात घटनापीठापुढे गेला. जानेवारी २०२३ मध्ये उत्तर आलं: १९(२) मधली कारणं पुरेपूर आहेत, त्यांत भर घालता येत नाही. दुसऱ्याच्या हक्काचं नाव घेऊनही नाही.

चौथा प्रश्न: मोजमाप

आता कुठे 'वाजवी' पर्यंत आलो. व्ही. जी. रो (१९५२) निकालाने मोजायच्या गोष्टी सांगितल्या: हक्काचं स्वरूप, बंधनाचा हेतू, दुष्परिणामाची व्याप्ती व निकड, बंधन किती प्रमाणाबाहेर आहे आणि त्या वेळची परिस्थिती. अलीकडे, विशेषतः मॉडर्न डेंटल कॉलेज (२०१६) आणि आधार (२०१८) निकालांनंतर, हेच चार पायऱ्यांत मांडतात. हेतू वैध आहे का? उपायाचा हेतूशी खरा संबंध आहे का? त्याहून सौम्य पण तितकाच परिणामकारक उपाय होता का? आणि मिळणारा फायदा हक्काच्या हानीपेक्षा जास्त आहे का? बहुतेक प्रकरणं तिसऱ्या पायरीवर ठरतात.

या पायऱ्या कशा चालतात हे कळायला चिंतामणराव विरुद्ध मध्य प्रदेश हे १९५० चं विडीचं प्रकरण अजूनही सर्वांत उपयोगी आहे. मध्य प्रांत व वऱ्हाडच्या १९४८ च्या कायद्यानुसार उपायुक्तांनी सागर जिल्ह्यातल्या काही गावांमध्ये शेतीच्या हंगामात विड्या वळायला बंदी केली. हेतू असा, की शेतीला मजूर मिळावेत. हेतूत वावगं काही नाही, आणि विडीकाम बंद केलं की मजूर मोकळे होतील हेही एका अर्थी खरं. पण आदेश त्या गावांतल्या प्रत्येकाला लागू होता. म्हातारे, अपंग, आजारी, शेतात राबू न शकणाऱ्या बायका आणि मुलं, या कोणाच्याही विड्या बंद झाल्याने शेतीला एकही मजूर वाढणार नव्हता. न्यायालयाने पर्यायही दाखवला: शेतमजुरांपुरती हंगामात विडीकामाला मनाई करता आली असती, किंवा कामाचे तास ठरवता आले असते. इतका सोपा पर्याय असताना सरसकट बंदी अवाजवी ठरली.

तुमच्या आदेशाला हाच साचा लावा. कोणाकोणाला तो लागू होतो याची यादी करा आणि ज्यांच्यामुळे धोका नाही त्यांच्यापुढे खूण करा. खुणा जितक्या जास्त, तितकी बाजू भक्कम. मग पर्याय लिहा, नेमके: मोर्चा रद्द करण्याऐवजी मार्ग बदलणं, सकाळी आठ ते दहा ही वेळ, ध्वनिक्षेपक नाही, स्वयंसेवकांची संख्या आणि त्यांचे मोबाइल क्रमांक, रस्त्याची एकच बाजू. न्यायालयाला "सौम्य उपाय होता" हे ऐकायचं नसतं, तो कोणता हे ऐकायचं असतं. जंतरमंतरच्या आंदोलनबंदीवर २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सरसकट बंदी मानली नाही, नियमन करायला सांगितलं. दोन वर्षांनी शाहीनबागेच्या निकालात मात्र सार्वजनिक रस्ता बेमुदत अडवून ठेवणं चालणार नाही असं ठरलं. दोन्ही निकाल एकमेकांविरुद्ध नाहीत. एकात सरकारने पर्याय शोधला नव्हता, दुसऱ्यात मुदत आणि जागा यांचा विचार आंदोलनाने केला नव्हता.

याच पायरीवर भेदभावही तपासा. महाराष्ट्राने २००५ साली डान्सबारवर बंदी आणली, पण तीन तारांकित व त्यावरच्या हॉटेलांना आणि क्लबांना सूट दिली. नाच तोच, बंदी फक्त स्वस्त जागेत. स्त्रियांच्या प्रतिष्ठेसाठी बंदी असेल तर ती प्रतिष्ठा तारांकित हॉटेलात धोक्यात का येत नाही, याला उत्तर नव्हतं. मुंबई उच्च न्यायालयाने २००६ मध्ये बंदी रद्द केली आणि २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते कायम ठेवलं. नंतर आलेल्या २०१६ च्या कायद्याची जानेवारी २०१९ मध्ये छाननी झाली तेव्हा निकाल मिश्र लागला: धार्मिक वा शैक्षणिक स्थळापासून एक किलोमीटरची अट आणि नाचाच्या जागी कॅमेऱ्याची सक्ती गेली, पण संध्याकाळी ६ ते रात्री ११.३० ची वेळ आणि नोटा उधळण्याची मनाई टिकली. एकाच कायद्यातल्या शर्ती एकेक करून तपासल्या जातात. म्हणून अर्जातही शर्तींना स्वतंत्र क्रमांक द्या. सगळं एकत्र फेकलं तर जिंकता आलं असतं तेही हातचं जातं.

शब्द ढिले असणं आणि अधिकार मोकाट असणं

बंधनाचा मजकूर असा हवा, की सामान्य माणसाला काय करायचं नाही हे कळेल. माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६अ 'त्रास', 'गैरसोय', 'अतिशय आक्षेपार्ह' अशा शब्दांवर तीन वर्षांपर्यंतच्या कैदेची शिक्षा बेतून होतं. पालघरमध्ये २०१२ साली मुंबई बंदबद्दलच्या फेसबुक मजकुरावरून दोन तरुणींना अटक झाली, आणि २४ मार्च २०१५ च्या श्रेया सिंघल निकालाने ते कलम संपूर्ण रद्द झालं. त्याच निकालातली विभागणी लक्षात ठेवण्यासारखी आहे: चर्चा करणं आणि एखाद्या मताचा पुरस्कार करणं, कितीही अप्रिय असलं तरी, संरक्षित. चिथावणी सुरू झाली की मर्यादा लागू.

परवानगीच्या नियमांत वेगळं पाहायचं. परवानगी घ्यावी लागणं हे स्वतःहून घटनाबाह्य नाही. पण देणं न देणं कोणत्या निकषांवर, हे नियमात अजिबात नसेल तर आहे. अहमदाबादेतल्या रस्त्यावरच्या सभांच्या नियमाबाबत हिंमतलाल शहा प्रकरणात १९७२ साली हाच दोष सापडला आणि नियम पडला.

जमावबंदी आणि तडीपारी: मुदत मोजा

महाराष्ट्रात सामान्य माणसाच्या वाट्याला येणारे दोन आदेश हे. कलम १६३ चा आदेश दोन महिन्यांपेक्षा जास्त टिकत नाही. राज्य शासनाला तो आणखी जास्तीत जास्त सहा महिने वाढवता येतो. महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७(३) खालची जमाव-मिरवणूक बंदी शासनाच्या मंजुरीशिवाय १५ दिवसांपेक्षा जास्त राहू शकत नाही. व्यवहारात काय होतं, तर तोच मजकूर दर पंधरवड्याला नव्या तारखांनी निघतो: 'सण, उत्सव, आंदोलने लक्षात घेता'. मागचे तीन-चार आदेश मिळवून शेजारी ठेवा. कारणांचा परिच्छेद शब्दशः तोच असेल तर अधिकाऱ्याने नव्याने विचार केला नाही हे त्याच्याच कागदांवरून दिसतं. वारंवार तेच आदेश काढणं हा अधिकाराचा गैरवापर आहे असं अनुराधा भसीन निकाल सांगतो. मजकूरही नीट वाचा. बऱ्याच आदेशांत 'पूर्वपरवानगीशिवाय' असे शब्द असतात, म्हणजे बंदी सरसकट नसून तुम्ही अर्जच केलेला नसतो.

कलम १६३ चा आदेश बदलावा किंवा मागे घ्यावा म्हणून त्याच दंडाधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो. त्याने लवकर म्हणणं ऐकलं पाहिजे, आणि अर्ज फेटाळला तर कारणं लिहिली पाहिजेत. आदेश मोडून दाखवण्यापेक्षा हा मार्ग शहाणपणाचा, कारण मोडला की भारतीय न्याय संहितेच्या कलम २२३ खाली गुन्हा दाखल होतो आणि चर्चा हक्कावरून गुन्ह्यावर जाते.

तडीपारी संचाराच्या हक्कावरचा घाव आहे, १९(१)(ड). महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ५९ ची नोटीस, म्हणणं मांडायची संधी आणि आरोपांचं साधारण स्वरूप कळणं हे किमान. साक्षीदारांची नावं मिळण्याचा हट्ट धरू नका, ती द्यावीत असा नियम नाही. कमाल मुदत दोन वर्षं. अपील राज्य शासनाकडे, कलम ६०, आदेशापासून ३० दिवसांत. जालना जिल्ह्यातल्या एका तडीपारीवर सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२२ मध्ये दोन गोष्टी ठळक केल्या: जुन्या गुन्ह्यांचा आजच्या धोक्याशी जिवंत धागा हवा, आणि पूर्ण दोन वर्षं दिली तर ती का, हे आदेशात लिहिलेलं हवं. त्यामुळे गुन्ह्यांच्या तारखा आणि आदेशाची तारीख यांचा तक्ता करा. बऱ्याचदा सर्वांत नवा गुन्हा आणि आदेश यांमधलं अंतरच सगळं सांगतं.

कुठे लढू नये

रात्री १० ते सकाळी ६ ध्वनिक्षेपक बंद, निवासी भागात दिवसा ५५ व रात्री ४५ डेसिबल, रुग्णालय, शाळा, न्यायालयाभोवती १०० मीटर शांतता क्षेत्र: या नियमांना धर्मस्वातंत्र्याच्या नावाने आव्हान दिलं तर हार ठरलेली आहे. राज्य शासन वर्षात जास्तीत जास्त १५ दिवस बंदिस्त जागेबाहेर रात्री १२ पर्यंत सूट देऊ शकतं, तेवढीच काय ती जागा. सैन्य व पोलीस दलांतल्यांच्या हक्कांवर कलम ३३ खाली संसद जास्त बंधनं घालू शकते. युद्ध किंवा परकीय आक्रमणामुळे आणीबाणी लागली तर कलम १९ चं संरक्षण थांबतं. मात्र ४४ व्या दुरुस्तीनंतर कलम २० आणि २१ अशा वेळीही स्थगित करता येत नाहीत.

न्यायालयात जाताना

मूलभूत हक्कासाठी कलम ३२ खाली थेट सर्वोच्च न्यायालयात जाता येतं, पण स्थानिक आदेशासाठी कलम २२६ खाली उच्च न्यायालय हाच योग्य दरवाजा. त्याची व्याप्तीही मोठी आहे. अपिलाची सोय असताना थेट गेलात तर 'आधी तिकडे जा' असं ऐकावं लागू शकतं. मूलभूत हक्काचा उघड भंग किंवा अधिकारच नसणं दाखवता आलं तर ती अडचण दूर होते.

याचिकेला जोडायचं ते: आदेशाची प्रत, परवानगीचा अर्ज पोचेसह, स्मरणपत्रं, आधीच्या वर्षी त्याच ठिकाणी तोच कार्यक्रम शांततेत झाल्याचा पुरावा, तुम्ही सुचवलेले पर्याय आणि तारखांचा तक्ता. मागणीत 'आदेश रद्द करावा' एवढंच लिहून थांबू नका. 'किंवा, अमुक अटींवर परवानगी देण्याचे निर्देश द्यावेत' ही पर्यायी मागणी घाला. न्यायमूर्तींना पूर्ण रद्द करायला वेळ लागतो, अटींसह परवानगीचा आदेश त्याच दिवशी मिळू शकतो.

आणि तारीख आधी मोजा. कार्यक्रम शनिवारी, याचिका शुक्रवारी संध्याकाळी, असं झालं तर सरकारी वकील सूचना घ्यायला वेळ मागतात, सोमवार उजाडतो आणि याचिका निरर्थक झाली म्हणून निकालात निघते. परवानगीचा अर्ज किमान पंधरा दिवस आधी द्या, सात दिवसांत उत्तर नाही आलं तर एक स्मरणपत्र द्या आणि त्यानंतर दोन दिवसांत वकिलाकडे जा. उशीर झालाच असेल तर मागणी त्या एका तारखेपुरती न ठेवता 'या तारखेला किंवा न्यायालय ठरवेल त्या पुढच्या तारखेला' अशी लिहा, म्हणजे शनिवार गेला तरी प्रकरण जिवंत राहतं.